छोटे संपर्क उपग्रह : टॉवर नसलेल्या जागेवरून निरोप कसा येतो

संपर्क उपग्रह म्हटलं की बहुतेकांना गच्चीवरची डिश आठवते. टीव्हीचे चॅनल पाठवणारे ते उपग्रह मोठे, मोटारगाडीपेक्षाही जड असतात आणि पृथ्वीपासून जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंचावर असतात. या लेखात त्यांच्याविषयी थोडकंच येईल. आमचा विषय आहे छोटे उपग्रह. हे पृथ्वीच्या जवळून फिरतात, बहुतेक खासगी कंपन्यांनी व्यापारासाठी सोडलेले असतात आणि जिथे मोबाईलचा टॉवर नाही तिथून निरोप आणतात. भर समुद्रातलं जहाज, वाळवंटातली पाइपलाइन, डोंगरातला पाडा, वादळानंतर टॉवर कोसळलेलं शहर, अशा जागांची खबर आज यांच्यामार्फत येते.

विषय शाळेच्या पुस्तकातला वाटेल, पण आपल्या घरांशी त्याचा थेट संबंध आहे. रत्नागिरी आणि रायगडच्या किनाऱ्यावर कितीतरी मुस्लिम घरांतलं कोणी ना कोणी बोटीवर असतं, कोणी आखातात असतं, कोणाची स्वतःची मच्छीमार नौका असते. अशा घरांना या उपग्रहांची नीट माहिती असली तर विनाकारण घाबरणं टळतं, फसवणूक टळते आणि कायद्याची कटकटही टळते.

छोटा म्हणजे किती छोटा?

साधारणपणे ५०० किलोपेक्षा कमी वजनाच्या उपग्रहाला छोटा म्हणतात. १० ते १०० किलोच्या उपग्रहाला सूक्ष्म आणि १ ते १० किलोच्या उपग्रहाला नॅनो असं नाव आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी 'क्यूबसॅट' हे माप ठरवलं. क्यूबसॅट म्हणजे १० सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीची पेटी. वर्गातल्या तालमीसाठी काढलेलं हे माप पुढे कंपन्यांनी उचललं, आणि आज अशा दोन-तीन पेट्या जोडून केलेले उपग्रह बाजारात कामाला लागले आहेत.

गंमत अशी की जगातला पहिला व्यापारी संपर्क उपग्रह छोटाच होता. ६ एप्रिल १९६५ रोजी सोडलेल्या 'अर्ली बर्ड'चं कक्षेतलं वजन ४० किलोच्याही आत होतं. अमेरिका आणि युरोप यांच्यामध्ये एका वेळी २४० टेलिफोन संभाषणं किंवा टीव्हीचा एक चॅनल, एवढी त्याची ताकद होती. पण तो ३६ हजार किलोमीटरवर होता. तिथून येणारा त्याचा क्षीण आवाज पकडायला जमिनीवर अवाढव्य अँटेना लागायच्या. आपल्या पुणे जिल्ह्यात आर्वीला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जे उपग्रह केंद्र उभं राहिलं, त्याची थाळी ३० मीटरच्या आसपास व्यासाची होती. गच्चीवर छोटी डिश बसवून काम भागावं म्हणून पुढे आकाशातले उपग्रह मोठे आणि ताकदवान करावे लागले.

जवळ असण्याचा फायदा आणि त्याची किंमत

नववी-दहावीच्या मुलांनी हा हिशेब वहीत करून पाहावा. रेडिओ लहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर जाते. ३६ हजार किलोमीटर वर आणि तेवढंच खाली, म्हणजे ७२ हजार किलोमीटर, याला सुमारे पाव सेकंद लागतो. समोरच्याचं उत्तर यायला पुन्हा पाव. म्हणून जुन्या उपग्रह फोनवर दोघं एकदम बोलायचे आणि एकदम गप्प व्हायचे. उपग्रह ६०० किलोमीटरवर आणला की हा वेळ इतका कमी होतो की कानाला कळतही नाही.

ताकदीचा हिशेब त्याहून महत्त्वाचा आहे. अंतर दुप्पट झालं तर लहरीची तीव्रता चौथा हिस्सा राहते. ६०० किलोमीटर हे ३६ हजारांच्या साठाव्या भागाएवढं. म्हणजे तेवढ्याच ताकदीने पाठवलेला संदेश जवळच्या उपग्रहावरून ६० गुणिले ६०, अर्थात ३६०० पट जोरात पोहोचतो. बॅटरीवर चालणारं, तळहाताएवढं यंत्र अवकाशात निरोप पाठवू शकतं ते यामुळेच.

आता किंमत. ३६ हजार किलोमीटरवरचा उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगानेच फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागी स्थिर दिसतो. त्याला भूस्थिर म्हणतात. जवळचा उपग्रह मात्र दीड-पावणेदोन तासांत पृथ्वीची पूर्ण फेरी मारतो. तुमच्या डोक्यावरून जाताना तो फार तर १०-१५ मिनिटं दिसतो आणि क्षितिजाखाली जातो. मग निरोप पोहोचणार कसा? याला दोन उत्तरं निघाली. एक, निरोप उपग्रहाने पोटात ठेवायचा आणि पुढे जमिनीवरचं केंद्र आलं की तिथे टाकायचा, पोस्टमनसारखा. दोन, इतके उपग्रह सोडायचे की एक मावळण्याआधी दुसरा उगवलेला असेल.

पोस्टमन उपग्रह

पहिल्या पद्धतीच्या व्यापारी सेवेत अमेरिकेची ऑर्बकॉम ही जुनी कंपनी. १९९५ पासून तिने सुमारे ४० किलोचे, परातीसारखे चपटे उपग्रह सोडले. एका रॉकेटमध्ये आठ-आठ परातींची चवड रचून ते वर जायचे. त्यांच्यावरून फोन करता येत नव्हता. जायचे ते छोटे निरोप, आणि तेही बहुधा माणसांचे नव्हेत तर यंत्रांचे: कंटेनर कुठे पोहोचला, शीतगृहाचं तापमान किती, खोदकामाचं मशीन किती तास चाललं. चार ओळींच्या या निरोपांवर मालवाहतुकीचा मोठा धंदा चालतो.

याच जातीची दुसरी व्यवस्था आपल्या कोकणात पोहोचली आहे, तीही कासवाच्या पाठीवरून. जानेवारी २०२२ मध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले मादीच्या कवचावर उपग्रहाशी बोलणारं छोटं यंत्र बसवण्यात आलं. तिचं नाव 'प्रथमा' ठेवलं होतं. कोकण किनाऱ्यावर अशा पाच कासवांना यंत्रं लावली गेली. कासव श्वास घ्यायला वर आलं की यंत्र एक हाक देतं, डोक्यावरून जाणारा उपग्रह ती ऐकतो. जवळ येणाऱ्या रेल्वेची शिट्टी बारीक आणि लांब जाणाऱ्या रेल्वेची जाड ऐकू येते, तसा त्या हाकेच्या सुरात फरक पडतो, आणि त्या फरकावरून कासवाची जागा काढता येते. या व्यवस्थेचं नाव आर्गोस. तिची उपकरणं अनेक वर्षं मोठ्या हवामान उपग्रहांवर होती. २०१३ मध्ये इस्रोने सोडलेल्या भारत-फ्रान्सच्या 'सरल' उपग्रहावरही ती होती. आता किनेस या फ्रेंच कंपनीने जून २०२४ ते मार्च २०२५ या काळात सुमारे ३० किलोचे २५ उपग्रह खास याच कामासाठी सोडले आहेत.

उपग्रह किती छोटा असावा याला मर्यादा आहे की नाही, हा प्रश्न श्रीहरिकोटाहूनच उभा राहिला. स्वॉर्म नावाच्या अमेरिकन कंपनीने १० बाय १० बाय अडीच सेंटिमीटरचे, पुस्तकाएवढे उपग्रह बनवले. एवढी लहान वस्तू रडारला नीट दिसणार नाही आणि टक्कर टाळता येणार नाही, म्हणून अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने परवानगी नाकारली. तरी त्यातले चार उपग्रह १२ जानेवारी २०१८ रोजी आपल्या पीएसएलव्हीवरून, इतर उपग्रहांबरोबर वर गेले. वर्षअखेर कंपनीला ९ लाख डॉलर दंड झाला. पुढे २०२१ मध्ये स्पेसएक्सने ही कंपनीच विकत घेतली.

इरिडियम

दुसरी पद्धत, म्हणजे उपग्रहांचं जाळं, पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केली इरिडियमने. मूळ आराखडा ७७ उपग्रहांचा होता आणि इरिडियम धातूचा अणुक्रमांक ७७, म्हणून हे नाव. प्रत्यक्षात ६६ पुरले, पण नाव तेच राहिलं. ७८० किलोमीटर उंचीवरचे हे उपग्रह प्रत्येकी साडेसहाशे किलोंहून जड होते, म्हणजे काटेकोर व्याख्येत 'छोटे' नव्हेत. तरी पुढच्या सगळ्यांना रस्ता त्यांनीच दाखवला. ते शेजारच्या उपग्रहाशी बोलतात आणि निरोप हातोहात पुढे देतात. त्यामुळे ध्रुवावरूनही फोन लागतो.

नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू झाली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीने दिवाळं काढलं. सुमारे ५ अब्ज डॉलर खर्चून उभारलेली यंत्रणा पुढे अवघ्या अडीच कोटी डॉलरला विकली गेली. फोन विटेएवढा, मिनिटाचे दर भरमसाट, आणि तोपर्यंत शहरोशहरी साधे मोबाईल आले होते. शहरातल्या माणसाला या फोनची गरजच नव्हती. ज्यांना गरज होती ते जहाजवाले, विमानवाले, लष्कर आणि मदतपथकं हळूहळू ग्राहक झाले आणि नव्या मालकांच्या हातात कंपनी तगली. २०२० च्या डिसेंबरपासून जहाजांच्या जागतिक संकट-संदेश व्यवस्थेतही इरिडियमला जागा मिळाली आहे.

बोटीवरच्या माणसाच्या घरी

आंतरराष्ट्रीय सफर करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजाला 'एआयएस' नावाचं यंत्र लावणं सक्तीचं आहे. हे यंत्र जहाजाचं नाव, जागा, वेग आणि दिशा सतत रेडिओवरून सांगत राहतं. मूळ हेतू जहाजांची टक्कर टाळणं हा. त्याचा आवाज किनाऱ्यावरच्या केंद्राला साधारण ४० सागरी मैलांपर्यंत ऐकू येतो. त्यापलीकडे ऐकणारे म्हणजे छोटे उपग्रह. स्पायर या कंपनीचे 'लेमूर' उपग्रह यातलेच. ते जेमतेम चार-पाच किलोचे असतात, आणि त्यांतले बरेच पीएसएलव्हीने सोडले आहेत.

आता अनेक घरांत मुलाच्या किंवा नवऱ्याच्या जहाजाचं नाव मोबाईलवर टाकून नकाशा बघितला जातो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. फुकटच्या ॲपवर बहुधा किनाऱ्यावरच्या केंद्रांची माहिती दिसते. उपग्रहांनी ऐकलेली जागा पैसे भरणाऱ्यांना दिसते. म्हणून जहाज मुंबई सोडून अरबी समुद्रात आत गेलं की नकाशावरचा ठिपका दोन-चार दिवस एकाच जागी थांबलेला दिसतो. जहाज थांबलेलं नसतं, आपल्याला मिळणारी खबर थांबलेली असते. ठिपक्याशेजारी 'शेवटची माहिती केव्हाची' ही वेळ लिहिलेली असते, ती आधी बघावी.

ठिपका चुकीच्या जागीही दिसू शकतो. चाच्यांचा किंवा हल्ल्याचा धोका असेल तिथे कॅप्टनला हे यंत्र बंद ठेवण्याची मुभा आहे. युद्धाच्या भागात जीपीएसचे खोटे संकेतही सोडले जातात. जून २०२५ मध्ये इराण-इस्राएल युद्ध चालू असताना होर्मुझच्या परिसरातली अनेक जहाजं नकाशावर भलत्याच जागी, काही तर जमिनीवर दिसत होती. अशा वेळी स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर फिरवण्याआधी कंपनीच्या ऑफिसला किंवा एजंटला फोन करावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची झोप त्या एका स्क्रीनशॉटने उडते.

बोलण्याची सोय हा याच्या पुढचा प्रश्न. पूर्वी खलाशी बंदराला लागल्यावरच घरी बोलायचा. मग जहाजावर भूस्थिर उपग्रहाचं इंटरनेट आलं. ते संथ आणि महाग असायचं, म्हणून 'इंटरनेट कार्ड' विकत घेऊन जपून वापरावं लागायचं. जवळून फिरणाऱ्या उपग्रहांमुळे आता बऱ्याच जहाजांवर व्हिडिओ कॉल होतात. खलाशांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, सागरी कामगार करार २००६, त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती २३ डिसेंबर २०२४ पासून लागू आहे. जहाजमालकाने शक्य तिथवर खलाशांना इंटरनेट द्यावं आणि त्याचे पैसे घेतलेच तर ते वाजवी असावेत, असं ती सांगते. भारत या करारात २०१५ पासून आहे. 'शक्य तिथवर' या शब्दांत पळवाट आहे हे उघड आहे. तेव्हा करारावर सही करण्याआधी मुलाने तीन गोष्टी विचाराव्यात: जहाजावर इंटरनेट आहे का, महिन्याला किती डेटा मिळतो, आणि वर लागलं तर दर काय. पगाराविषयी जितकं बारकाईने विचारतो तितकंच हेही विचारावं, असं आमचं मत आहे.

मच्छीमार नौकांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने एक लाख नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये सुरू केली. संकटात खबर देणं, वादळाचा इशारा मिळणं, दोन्ही बाजूंनी छोटे निरोप जाणं हे त्यातून होतं. हे काम मात्र इस्रोच्या भूस्थिर उपग्रहामार्फत चालतं. नेहमी आपल्याच किनाऱ्यासमोर असणाऱ्या नौकेला आकाशात एका जागी थांबणारा एक उपग्रह पुरतो, साऱ्या जगाला वेढणारं जाळं लागत नाही.

गावात इंटरनेट

आज ज्यांची चर्चा सर्वात जास्त होते ती इंटरनेटची जाळी. वनवेबचे उपग्रह सुमारे १५० किलोचे आणि १२०० किलोमीटर उंचीवर. या कंपनीत भारती समूहाची गुंतवणूक आहे. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं आणि रशियन रॉकेटवरून तिचे उपग्रह जाणं बंद पडलं. तेव्हा इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटने २३ ऑक्टोबर २०२२ आणि २६ मार्च २०२३ अशा दोन खेपांत ३६-३६ मिळून ७२ उपग्रह वर नेले. दुसरं जाळं स्पेसएक्सचं स्टारलिंक, सुमारे ५५० किलोमीटरवर. मे २०१९ मध्ये पहिले ६० गेले तेव्हा प्रत्येकाचं वजन सव्वादोनशे किलोच्या घरात होतं. पुढचे आणखी जड होत गेले आणि त्यांची संख्या हजारोंमध्ये गेली.

यांचा खरा उपयोग संकटात दिसतो. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगा या बेटांच्या देशाजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला आणि देशाला जगाशी जोडणारी एकमेव आंतरराष्ट्रीय केबल तुटली. ती दुरुस्त व्हायला पाच आठवडे लागले. तेवढा काळ परदेशातल्या नातेवाइकांशी बोलणं उपग्रहावरच अवलंबून होतं.

आपल्याकडे स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिच्याशी इरादापत्रावर सही केली. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम या जिल्ह्यांची नावं आहेत. पण परवाना, लहरींचं वाटप, सुरक्षा चाचण्या आणि घरातली जोडणी या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. २०२१ मध्ये परवाना नसताना याच कंपनीने भारतात आगाऊ नोंदणीचे पैसे घेतले होते, आणि सरकारने अडवल्यावर ते परत करावे लागले. तेव्हा कोणी एजंट घरी येऊन बुकिंगच्या नावाखाली रक्कम मागू लागला तर देऊ नये. आणि ज्या गावात फायबर किंवा चांगला फोर-जी आहे तिथे हे इंटरनेट स्वस्त पडेल अशी आशाही धरू नये. ते टॉवर नसलेल्या जागेसाठी आहे.

उपग्रह फोन घरी आणू नका

आखातातून येणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. दुबई-अबुधाबीच्या बाजारात थुरायाचे उपग्रह फोन उघडपणे मिळतात, तिकडे ते वापरणं गैर नाही. भारतात मात्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगणं हाच गुन्हा आहे. थुराया आणि इरिडियमच्या फोनना इथे मनाई आहे. परवानगी मिळते ती बीएसएनएलमार्फत दिल्या जाणाऱ्या इन्मारसॅट सेवेला. भारतीय हद्दीत जहाजांवरही या मनाई असलेल्या उपकरणांबाबत निर्बंध आहेत. २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरचा हल्ला करणाऱ्यांनी पळवलेल्या बोटीवर थुरायाचा फोन सापडला होता. तेव्हापासून सुरक्षा यंत्रणा या बाबतीत फार कडक आहेत.

फोनसारखी न दिसणारी यंत्रंही यात येतात. गिर्यारोहक वापरतात ते गार्मिन इनरीच इरिडियमवर चालतं. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळांवर असं यंत्र बाळगणाऱ्या परदेशी पर्यटकांवर कारवाई झाली. त्यांना नियमच ठाऊक नव्हता, पण त्याने सुटका होत नाही. आपल्या मुलाच्या सामानात असा फोन निघाला तर चौकशी किती लांबेल आणि मोहल्ल्यात काय काय बोललं जाईल, हे आम्ही सांगायला नको. कोणी मित्राने 'हे पार्सल घरी पोहोचव' म्हणून काही दिलं तर आत काय आहे ते उघडून बघावं.

साध्या मोबाईलमध्येच उपग्रहाची सोय असेल तर काय, असं मुलं विचारतात. ॲपलने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिका आणि कॅनडात ही संकटकाळची सेवा सुरू केली, ती ग्लोबलस्टारच्या उपग्रहांवरून चालते. असा फोन भारतात साधा मोबाईल म्हणून वापरायला हरकत नाही.

आकाशातली गर्दी

१० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियाच्या वर इरिडियमचा एक चालू उपग्रह आणि रशियाचा एक बंद पडलेला उपग्रह एकमेकांवर आदळले. रडारवर दिसतील असे दोन हजारांच्या आसपास तुकडे झाले. उंची जास्त असेल तर तुकडे दशकानुदशकं फिरत राहतात. ५००-५५० किलोमीटरवर मात्र विरळ हवा थोडी असते, ती बंद पडलेल्या उपग्रहाला काही वर्षांत खाली ओढून जाळून टाकते. हीच हवा कधी उलटते: फेब्रुवारी २०२२ मध्ये सौर वादळाने वातावरण फुगलं आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी सुमारे ४० खाली येऊन जळाले.

मुलांसाठी

असा उपग्रह बनवणं आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेरचं नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या म्हणजे सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी सुमारे एक किलोचा 'स्वयम्' उपग्रह बनवला, आणि २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्हीने तो वर नेला. एका जागेवरून निरोप घेऊन दुसऱ्या जागी पोहोचवणं हेच त्याचं काम होतं. त्याची दिशा स्थिर ठेवायला इंजिन नव्हतं, चुंबक होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी होकायंत्राच्या सुईसारखा तो जुळून राहायचा.

सुरुवात याहून सोपी आहे. हौशी रेडिओचा, म्हणजे हॅम रेडिओचा परवाना बाराव्या वर्षापासून मिळतो. त्यासाठी दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची परीक्षा असते. थोडा विद्युतशास्त्राचा अभ्यास आणि रेडिओचे नियम एवढ्यावर ती होते. आकाशातले काही उपग्रह खास या हौशी लोकांसाठीच सोडलेले असतात. इस्रोने ५ मे २००५ रोजी सोडलेला साडेबेचाळीस किलोचा 'हॅमसॅट' तसाच होता, आणि तो २०१४ पर्यंत चालला. शाळेत विज्ञान मंडळ असेल तर परीक्षेच्या तयारीविषयी तिथल्या शिक्षकांना विचारावं.